मोजणीत न धरलेलं मेंढरू

बिरूचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत बसून मेथी निवडत होते. बिरू म्हणजे माझा मामेभाऊ, सिदूमामांचा एकुलता एक मुलगा. तो आपणहून फोन करणाऱ्यातला नाही. सणासुदीला मीच करायचा, त्यानं ‘व्हय आक्का’, ‘न्हाई आक्का’ म्हणायचं आणि फोन मामांच्या हातात द्यायचा, अशी आमची वर्षानुवर्षांची रीत. त्या दिवशी साडेदहा वाजून गेले होते. तो एवढंच म्हणाला, “आक्का, आज मेंढरं सोडली न्हाईत.” मेंढरं कोंडायला खुंट्यांवर ताणून जे जाळं बांधतात त्याला आमच्याकडं वाघर म्हणतात. ऊन तापायच्या आत ती एका बाजूनं उचलायची आणि मेंढरं माळाला लावायची, हे काम मामांनी अंगात ताप असताना केलं, पाय मुरगळला तेव्हा काठीवर रेलून केलं, मामी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीही केलं. साडेदहा वाजता त्यांची मेंढरं वाघरीत उभी असतील तर पुढचं विचारायला काही उरत नव्हतं. मी मेथी तशीच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवी भरायला घेतली.

सांगलीतल्या विश्रामबागेतून मिरज, मिरजेतून जत आणि जतच्या पुढं कर्नाटकच्या हद्दीकडं जाणारी एसटी. हा रस्ता मला पाठ आहे. मिरज सोडलं की ऊस मागं पडत जातो, मग द्राक्षांचे मांडव, मग डाळिंब, मग नुसत्या बाभळी. गावात पोचले तेव्हा मातीला निघायची तयारी झाली होती. अंगणात भावकीतली मोजकी माणसं. गावातली बाकीची माणसं आली होती, नाही असं नाही, पण ती रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभी होती. रस्ता ओलांडून अंगणात कोणी आलं नाही. खांदा द्यायला चौघं लागतात ते भावकीतूनच झाले. लिंबाखालची माणसं मागून चालत आली आणि मागूनच परत गेली. मामा शेवटची सहा वर्षं गावात असून नसल्यासारखे राहिले, ते एका कागदामुळं. तो कागद मी लिहिला होता. एवढं सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे, त्यामुळं सुरुवातीलाच सांगून टाकते.

वडील गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. आई मला घेऊन माहेरी आली आणि पुढची सहा वर्षं आम्ही मामांच्या दारात वाढलो. मामा माणसांशी फार बोलत नसत, मेंढरांशी मात्र दिवसभर बोलत. शिव्या, लाड, तक्रारी, सगळं तिकडंच. संध्याकाळी माळावरून कळप आला की मोजणी. वाघरीचं तोंड एका मेंढरापुरतं उघडं ठेवायचं, एकेक आत सोडायचं, वीस झाली की एक खडा डाव्या हातातून उजव्या हातात घ्यायचा. एक ईस, दोन ईसा, तीन ईसा... मी दुसरीत गेल्यावर, म्हणजे शंभरच्या पुढं मोजता यायला लागल्यावर, एकदा बाजूला उभी राहून आपली आपण मोजणी केली. माझी झाली पाच ईसा आणि चार. मामा म्हणाले, पाच ईसा आणि तीन. नव्यानं शिकलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक सापडली की जो आनंद होतो तो मला झाला. मी पळत जाऊन सांगितलं, मामा, एक चुकलं. मामांनी शेवटच्या मेंढरीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “चुकलं न्हाई. ह्ये आपलं न्हवं, ह्ये त्येचं.”

त्याचं म्हणजे लांडग्याचं. आमच्या घरात सांगायचे की लांडगा हाही मूळचा घरातलाच, भावाभावांची वाटणी व्हायच्या आधी रुसून रानात गेलेला. त्याचा वाटा द्यायचा राहून गेला, म्हणून कळपात कायम एक मेंढरू त्याचं. ते कुठलं हे ठरलेलं नसतं. त्या संध्याकाळी जे शेवटी आत जाईल ते. म्हणून शेवटचं मेंढरू मोजायचं नाही. लांडग्यानं एखादं कोकरू नेलं तर घरात रडारड व्हायची नाही, त्याचं त्यानं नेलं म्हणायचं. मोजणी मात्र दुसऱ्या दिवशीही एक सोडूनच व्हायची. वाटा काही फिटत नसे.

आता यावरून कोणी मामांना संत वगैरे समजू नये. लांडगा दिसला की मामा ज्या शिव्या द्यायचे त्या या पुरवणीत छापता येणार नाहीत. एकदा माझ्या डोळ्यांदेखत लांडग्यानं कोकरू उचललं तेव्हा धोतराचा काचा मारून, दोन्ही कुत्री पुढं घालून मामा त्याच्यामागं पार ओढ्यापर्यंत धावले आणि अर्ध्या तासानं कोकरू खांद्यावर टाकून धापा टाकत परत आले. त्याच्या तोंडचं सोडवून आणलं होतं. मी म्हटलं, मामा, ते त्याचंच होतं ना? तर म्हणाले, त्यानं मागून न्यावं, चोरून का न्यावं. लांडगा मागणार कसा, असं मी विचारलं नाही. मामांच्या बोलण्यात अशी गाठ आली की आम्ही ती तशीच ठेवत असू. त्या कोकराच्या मानेवर आठवडाभर हळद लागली. त्याही संध्याकाळी मोजणी एक सोडूनच झाली.

पुढं आईला सांगलीत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं आणि मी शहरातली झाले. शिकले, सरकारी कार्यालयात लागले आणि मसुदे लिहिण्यात पटाईत झाले. ही बढाई नाही. माझ्या मसुद्यात साहेब एक शब्द बदलत नसत. कुठलीही रडकथा दीड परिच्छेदात बसवायची, तिला विषय आणि संदर्भ लावायचा, शेवटी विनंती जोडायची, यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. आमच्या लोकांतून अशा नोकरीत गेलेली त्या काळात मी एकटीच. कार्यालयात माझ्या बोलण्यातून चुकून ‘न्हाई’ निघालं तर मीच दचकायचे. मामा दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेला निघायचे. पलूसच्या बाजूला तुटलेल्या उसाच्या फडात शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात. तिथून कराड, कराडवरून पाटण, कोयनेच्या काठानं कोयनानगरच्या अलीकडंपर्यंत जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत. ते पलूसला आले की मी एखाद्या रविवारी डबा घेऊन जायचे. साखरेचा डबाही न्यायचे, कारण मामांच्या चहात पाणी कमी आणि साखर जास्त असायची. कोयनेकडच्या डोंगरात वाघासाठी रान राखलं गेलं, काही वस्त्या उठून खाली आल्या, मेंढक्यांच्या जुन्या वाटा बंद झाल्या, हे मला वर्तमानपत्राच्या आधी मामांकडून कळलं होतं. ती बातमी गावात नेणारेही मामाच.

त्यामुळं आमच्या माळासाठी योजना आली तेव्हा गाव आधीच धसकलेलं होतं. लांडगे कमी होत चाललेत, माळरानं संपत चाललीत, म्हणून हा पट्टा लांडग्यांसाठी राखायचा असा सरकारचा विचार होता. हेतू वाईट नव्हता, मी आजही म्हणत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मसुदा चिकटवला, हरकती आणि सूचना मागवल्या. चारच पानं, पण त्या चार पानांतून गावानं चाळीस पानांच्या अफवा काढल्या. नवी विहीर पाडता येणार नाही, जमीन विकता येणार नाही, स्वतःच्या रानात जायला पास लागणार, बाहेरून ट्रक भरून लांडगे आणून सोडणार. यातलं ट्रकचं खोटं होतं. चराईबंदीचं मात्र खरं होतं, मसुद्यातच होतं. मग ग्रामसभेत एक तोडगा निघाला. सगळ्यांनी एकमुखानं सांगायचं की आमच्या हद्दीत लांडगा नाहीच. लांडगाच नाही तर राखणार काय? घराघरांतून सह्या झाल्या, अंगठे झाले. बिरूनंही सही केली. राहिले एकटे मामा. त्यांच्यापुढं कागद आला तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, की नाही म्हणून लिहायचं, आणि उद्या तो समोर येऊन उभा राहिला तर तोंड कुठं लपवायचं? सरपंचांनी समजावलं, भावकीनं समजावलं, बिरू तर रागानं दोन दिवस जेवला नाही. मामांनी अंगठा दिला नाही.

आणि मग ते एसटीनं एकटे माझ्याकडं आले. विश्रामबागेतल्या माझ्या घरात ते त्याआधी एकदाच आले होते. सोफ्यावर बसेनात. गॅलरीच्या उंबऱ्याशी, बाहेर तोंड करून, घोंगडी पसरून बसले. मी नुकतीच निवृत्त झाले होते. घरात मी एकटी, भिंतीवर कार्यालयानं दिलेलं घड्याळ. मामा म्हणाले, माझं वेगळं लिही, मी सांगतो तसं. आणि सकाळभर सांगत राहिले. आज्यानं पाहिलेली लांडग्याची बिळं, माळावर कुठल्या महिन्यात कुठं गवत येतं, मेंढरं फिरली की बी कसं तुडवलं जातं, सगळं. त्यातलं मुख्य बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. त्या दिवशी कागदावर न आलेलं ते आज इथं येतं आहे. “लांडगं हाय. माज्या आज्याच्या टायमापासनं हाय. न्हाई म्हनायचं कसं? पर त्यो माळावर ऱ्हातो त्यो मेंढरामागं ऱ्हातो. मेंढरू हाय म्हनून त्यो हाय. तुमी त्येच्यासाठनं मेंढरं बंद केली तर त्यो खाईल काय, आन् ऱ्हाईल कुनाच्या आधारानं? त्येला राखायचं आसंल तर आमालाबी राखा. आमी येक मेंढरू त्येच्या नावाचं सोडल्यालंच हाय.”

मी सगळं टिपून घेतलं. मग टेबलावर बसून मसुदा केला. ‘सदर क्षेत्रात लांडगा या वन्यप्राण्याचे वास्तव्य असल्याचे अर्जदाराने वेळोवेळी प्रत्यक्ष पाहिले आहे. त्याचे संरक्षण होणे आवश्यक आहे. तथापि, स्थानिकांच्या हिताचाही यथोचित विचार व्हावा, ही विनंती.’ झालं, एका पानात. यथोचित हा शब्द मी तीस वर्षांत किती वेळा वापरला असेल याची गणती नाही. जिथं काहीच व्हायचं नसतं तिथं तो घालायचा असतो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मेंढरांचं मी गाळलं. एक मेंढरू लांडग्याच्या नावचं सोडलंय, हे वाक्य कार्यालयातल्या टेबलावर पडलं की काय होईल ते मला दिसत होतं. एक जण वाचून दाखवणार, चौघं हसणार, चहा येणार. ती चौघं माझ्या ओळखीची होती. मी त्यांच्यातच बसले होते आणि त्यांच्याबरोबर हसलेही होते. माझ्या मामांवर ते हसलेले मला नको होते... असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मी मसुदा वाचून दाखवला. मामा एकाग्र होऊन ऐकत होते. सदर, तथापि, यथोचित, यातलं त्यांना काही उमगत नव्हतं, पण माझ्या तोंडून असं सरकारी बोलणं ऐकताना त्यांना कौतुक वाटत होतं हे दिसत होतं. वाचून झालं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. “मेंढराचं घातलंस न्हवं?”

मी म्हणाले, “घातलंय, मामा.”

स्थानिकांचे हित यात मेंढरं आलीच की, असा माझ्या मनाचा हिशेब. मामांनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर ठेवला आणि पुन्हा एकदा दाबला, नीट उठावा म्हणून. अंगठ्याची शाई त्यांनी घोंगडीला पुसली. चहा घेतला, दोनदा साखर मागून घेतली आणि दुपारच्या गाडीनं गेले. मला बरं वाटलं होतं. आपण मामांच्या उपयोगी पडलो, असं.

सुनावणी तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात झाली. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या माळा तशाच लोंबत होत्या. गाव ट्रॅक्टर भरभरून आलं होतं. मी सांगलीहून गेले आणि मामांच्या शेजारी बसले. आलेल्या हरकती अधिकारी एकेक करून वाचत होते, माणूस सभ्य होता, आवाज चढवत नव्हता. लांडगा नाही, लांडगा नाही, लांडगा नाही... आणि मग मामांचं नाव आलं. लांडगा आहे, प्रत्यक्ष पाहिला आहे, संरक्षण आवश्यक आहे. सभागृहात मागून कोणीतरी म्हणालं, “म्हाताऱ्यानं गाव बुडीवलं.” मामा पुढं वाकून ऐकत होते. कागद संपला तरी ते तसेच वाकून राहिले. मग हळूच उभे राहिले आणि म्हणाले, “सायेब, मेंढराचं ऱ्हायलं.” अधिकारी आदरानंच म्हणाले, “आजोबा, तुमचं लेखी आलंय. तेच धरतो आम्ही. बसा.” मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्या वेळी उठू शकले असते. तीस वर्षं अशाच माणसांपुढं फायली घेऊन उभी राहिलेली बाई मी, मला कुणाची भीती असायचं कारण नव्हतं. पण उठले असते तर तो मसुदा कोणी केला हेही सांगावं लागलं असतं. मी पदर सावरला आणि समोर बघत बसले. मामा खाली बसले.

काही महिन्यांनी अंतिम कागद निघाला. त्यात एक ओळ होती, स्थानिक मेंढपाळांनीही प्रजातीच्या संरक्षणास दुजोरा दिला आहे. मेंढपाळांनी, अनेकवचनी. दुजोरा देणारे मामा एकटेच होते. माळाभोवती चर खणले गेले, पाटी लागली, चराई बंद झाली. मामा बोलले नसते तरी बहुधा हेच झालं असतं, कारण लांडग्याचे ठसे काही गावाच्या सहीनं पुसले जाणार नव्हते. पण गावाला बोट दाखवायला माणूस हवा होता आणि तो मिळाला. मामांशी कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मामा पारावर गेले की गप्पा थांबायच्या. चहाच्या टपरीवर त्यांच्या हातात कप यायचा, पण बाकावर कोणी सरकून जागा द्यायचं नाही, मग ते उभ्यानंच पिऊन निघायचे. काहींनी मेंढरं विकली, काही बारा महिने पश्चिमेलाच राहू लागले. मामांचा कळप पाच ईसांवरून दोन ईसांवर आला. रस्त्याच्या कडेनं, पडीक रानांतून, ओढ्याच्या काठानं ते त्याला फिरवत राहिले. बिरूनं पलूसकडं ट्रॅक्टरवर नोकरी धरली आणि बायकामुलांना तिकडं नेलं. तो सुट्टीला यायचा. घरात मामा, कुत्री आणि मेंढरं. मी फोन केला की जेवलीस का विचारायचे आणि मग दोन्हीकडं शांतता... त्या शांततेत मागून मेंढरांचा आवाज ऐकू यायचा.

आणि लांडगा? पहिल्या वर्षी चराच्या आत ठसे दिसले. दुसऱ्या वर्षी तो चर ओलांडून मामांच्या कळपामागं रस्त्याच्या कडेला दिसला, एकदा वस्तीवरच्या कोंबड्या नेल्या असं ऐकलं. त्यानंतर नाही. माळावर गवत कमरेएवढं झालं आणि आत हलणारं काही राहिलं नाही. मेला, की कर्नाटकात कुणाच्या मेंढरांमागं गेला, कोणाला ठाऊक? पाहणीला येणारी माणसं आधी मामांकडं यायची, कारण माळाबद्दल खरं सांगणारा एवढाच, असं त्यांना वाटायचं. मामा खरंच सांगायचे, दिसत नाही म्हणून. ज्या वाक्यावर सगळं गाव एक झालं होतं, ते शेवटी खरं झालं.

दोन हिवाळ्यांपूर्वी पलूसच्या फडात मी त्यांना गाठलं. सूर्य कलला होता, वाघर ठोकून झाली होती. मोजणीला अजून वेळ होता. बिरू डिझेल आणायला गेला होता. मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, “मामा, त्या कागदात मी मेंढरांचं लिहिलंच नव्हतं.”

मामा पाचट बाजूला सारून चूल मांडत होते. वर न बघता म्हणाले, “म्हाईत हाय. सायेब वाचत हुता तवा मी वाट बगत हुतो. आता ईल, आता ईल...” चुलीत काडी लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, “तुला लाज वाटली व्हय गं, माज्या बोलन्याची?”

नाही म्हणणं सोपं होतं. कामाचा व्याप होता, पानाची मर्यादा होती, असं काहीही सांगता आलं असतं आणि मामांनी मानूनही घेतलं असतं. मी म्हणाले, “व्हय, मामा.” किती वर्षांनी मी ‘व्हय’ म्हणाले असेन.

मामांनी मान हलवली. रागावले नाहीत. चुलीत पाचटाची मूठ सारली आणि म्हणाले, “आसू दे. आमच्यातनं तितं गेल्याली तू येकटीच. तुलाबी येकटं वाटत आसंल.”

मला रडू आलं. मामांनी चहा ठेवला. मग काठी घेऊन उठले, वाघरीचं तोंड उघडलं आणि मोजणीला लागले. एक ईस, दोन ईसा... शेवटच्या मेंढरीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत ढकललं. पलूसच्या त्या उसाच्या मुलखात, कारखान्याच्या भोंग्याच्या अंतरावर, लांडगा कधी येणार नव्हता. पण मामांनी मोजलं नाही ते नाहीच.

या वर्षी दसऱ्याच्या आधी मामा गेले. दिवाळीनंतर कळप पश्चिमेला निघायची वेळ आली तेव्हा घेऊन जायला कोणी नव्हतं. बिरूनं तो विकायचं ठरवलं. आटपाडीकडचा एक मेंढका घ्यायला आला त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. बिरू वाघरीच्या तोंडाशी उभा राहिला. ज्या बिरूनं लांडगा नाही म्हणून सही केली होती, बाप हट्टी आहे म्हणून जो दोन दिवस जेवला नव्हता, तो डाव्या हातात खडे घेऊन उभा होता. एकेक मेंढरू बाहेर येत गेलं, खडे इकडून तिकडं गेले. मोजणी संपली तेव्हा आत एक मेंढरी उरली होती. घेणारा म्हणाला, “ऱ्हायलं की एक.”

बिरूनं वाघर खाली सोडली. “त्ये आमचं न्हाई,” तो म्हणाला.

आलेला माणूस मेंढकाच होता. त्यानं पुढं काही विचारलं नाही. जाताना जाळीवरून हात घालून त्यानं त्या मेंढरीच्या पाठीला हात लावला आणि कळप हाकत निघून गेला. बिरूनं माझ्याकडं बघायचं टाळलं. म्हणाला, “शनिवारी शनिवारी येऊन बगीन, आक्का.”

मागच्या आठवड्यात मी पुन्हा जाऊन आले. घराला कुलूप होतं. अंगणात वाघर तशीच ताणलेली आणि आत ती एकटी मेंढरी. मेंढरू एकटं राहायचा प्राणी नाही, सारखं ओरडतं. घमेल्यात ताजं पाणी होतं आणि जाळीला बाभळीचा ओला पाला टांगलेला होता. बिरू शनिवारी येतो आणि त्या दिवशी गुरुवार होता. पाणी कोण ठेवतं ते बिरूलाही माहीत नाही, त्यानं विचारलंही नाही. रस्त्यापलीकडं लिंबाखाली दोघं म्हातारे बसले होते. मी पाहिलं तेव्हा ते दुसरीकडं बघत होते.

मामा मोजणीला ज्या दगडाला टेकून उभे राहायचे त्यावर मी बसले. समोर चर, चरापलीकडं पाटी, पाटीमागं वाळलेलं उंच गवत. जाताना मी पिशवीतून त्या जुन्या अर्जाची प्रत नेली होती. मामांचा अंगठा अजून ठळक आहे, दोनदा दाबलेला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी मामांचं बोलणं लिहिलं, जसं ते बोलले तसं, सदर आणि तथापि न लावता. आता तो कागद कोणाला पाठवायचा ते मला कळत नाही. हरकतींची मुदत केव्हाच संपली. लिहून झाल्यावर वाचून दाखवायची माझी सवय, म्हणून मोठ्यानं वाचला. मेंढरी ओरडायची थांबली आणि कान टवकारून माझ्याकडं बघत राहिली. वाचून झाल्यावर पुन्हा ओरडू लागली.

शेवटची एसटी चुकू नये म्हणून मी उन्हं असतानाच निघाले. कोपऱ्यावरून मागं पाहिलं. वाघर जागेवर आहे, मेंढरी आत आहे. ज्याची आहे, तो अजून आलेला नाही.